अमली पदार्थांचा तपास करणाऱ्यांना विधिमंडळ नक्की काय विचारतं?

गोदाकाठ (धागाकर्ती)

ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, बनवणारा कारखाना सापडला. पकडला तो मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी. नाशिकच्या नाकासमोर चाललेला उद्योग मुंबईच्या एका पोलीस ठाण्याला कळतो आणि इथे कुणाला कळत नाही, याचा इथल्या लोकांना तेव्हा फार राग आला होता. त्याच्या चारच दिवस आधी, २ ऑक्टोबरला, याच साखळीतला आरोपी ललित पाटील पुण्याच्या ससून रुग्णालयातून पोलीस पहाऱ्यातून निसटला. येरवड्याचा कैदी कित्येक महिने वॉर्ड १६ मध्ये मुक्कामाला होता. मग सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने उघडकीला आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ. कुरकुंभच्या प्रकरणात तर हजार किलोंहून जास्त माल निघाला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलांच्या तोंडी 'एमडी' हा शब्द किती सहज येतो हे रोज ऐकते, म्हणून हा विषय माझ्यासाठी बातमीपुरता राहिलेला नाही.

ससून प्रकरणावर विधिमंडळात खूप गदारोळ झाला. त्या काळातली प्रश्नोत्तरं मी शोधून वाचली. साचा तुम्हाला माहीत असेलच. 'हे खरे आहे काय?' उत्तर : 'हे अंशतः खरे आहे.' मग 'असल्यास, चौकशीअंती काय आढळून आले?', आणि शेवटी नेहमीचा 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तर : 'प्रश्न उद्भवत नाही.' निलंबन झालं, कुणाला बडतर्फ केलं, अटक झाली, एवढं कळतं. त्यापुढची एकही गोष्ट कळत नाही. जप्त केलेल्या मालाचं पुढे काय झालं? किती खटले उभे राहिले, किती टिकले, किती पडले आणि कशामुळे पडले? कारखाने वर्षभर चालत असताना स्थानिक यंत्रणेकडे एकही खबर कशी नव्हती?

दरम्यान यंत्रणेची ताकद वाढत गेली. २०२३ मध्ये राज्याचा अमली पदार्थविरोधी टास्क फोर्स (एएनटीएफ) आला. २०२५ मध्ये त्याच्यासाठी ३४६ पदांना मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्याच वर्षी पावसाळी अधिवेशनात मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन अमली पदार्थांचे गुन्हे त्याच्या कक्षेत आले. माझा याला विरोध नाही. मनुष्यबळ हवंच. पण एवढे अधिकार दिल्यावर दरवर्षी हिशेब मागणारी एखादी कायमस्वरूपी समिती विधिमंडळात आहे का? लोकलेखा, अंदाज, आश्वासन, पंचायत राज, सार्वजनिक उपक्रम अशा समित्यांची नावं सापडली. गृह विभागाची अशी समिती मला सापडली नाही. जाणकारांनी सांगावं.

---

घाटमाथा

ताई, कळकळ पोचली. पण आमदारांच्या हातात तपास देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आजच ठाण्यात 'आपला माणूस आहे, जरा बघा' असे फोन जातात. समिती झाली की तोच फोन सरकारी लेटरहेडवर येईल. पोलिसांना राजकारण्यांपासून लांब ठेवा, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच सांगितलंय.

---

जुना_बातमीदार

बरीच वर्षं विधान भवनाची बीट केली आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

गोदाकाठ, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. संसदेत १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या आहेत आणि त्यात गृह खात्याचीही आहे. केरळने तर १९८० मध्येच विषय समित्या सुरू केल्या. तिथे खात्यांच्या मागण्या मतदानाआधी समितीकडे जातात. महाराष्ट्रात गृह खात्यासाठी तसं काही नाही. आपल्याकडे आयुधं आहेत : तारांकित प्रश्न, विधानसभेत नियम १०५ आणि परिषदेत नियम १०१ खाली लक्षवेधी, नियम २९३ ची चर्चा, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, अंतिम आठवडा प्रस्ताव. पण ही सगळी तापलेल्या तव्यावरची आयुधं आहेत. घटना घडली की आठवडाभर सभागृह दणाणतं, अधिवेशन संपलं की विषय संपतो. छापील यादीतल्या प्रश्नांपैकी मोजकेच सभागृहात चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर. गृह खात्याच्या हजारो कोटींच्या मागण्यांवरची चर्चा भलत्याच विषयात संपते, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मंजूर होतात.

लोकांना फारशी माहीत नसलेली एक चांगली सोय मात्र आहे : आश्वासन समिती. मंत्री सभागृहात 'चौकशी करून अहवाल पटलावर ठेवू' असं म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि खात्याला त्याची पूर्तता करावी लागते. समिती सचिवांना बोलावून 'झालं का?' असं विचारू शकते. मी काही बैठकांनंतर बाहेर येणाऱ्या अधिकाऱ्यांचे चेहरे पाहिले आहेत. सभागृहातल्या आरडाओरड्याला न घाबरणारा अधिकारी समितीच्या टेबलासमोर पाण्याचा पेला शोधतो, कारण तिथे टीव्हीसाठी भाषण ठोकायचं नसतं. फायली उघडायच्या असतात आणि पुढच्या बैठकीला पुन्हा यायचं असतं.

घाटमाथा यांची भीती मला पूर्ण मान्य आहे. पण 'तपास हातात देणं' आणि 'तपास यंत्रणेचा हिशेब घेणं' यांत मोठं अंतर आहे. अमुक आरोपीला का पकडलं, हे समितीने विचारायचंच नाही. गेल्या तीन वर्षांत व्यापारी प्रमाणाचे, म्हणजे मोठ्या साठ्याचे, किती गुन्हे १८० दिवसांच्या मुदतीत दोषारोपपत्रापर्यंत गेले, हे विचारायचं.

---

निवृत्त_हवालदार

सर्वांना नमस्कार. मी मुद्देमाल कारकून म्हणून काम केलंय. ठाण्याचं नाव लिहीत नाही.

इथे सगळे कायद्यावर बोलतायत, मी त्या खोलीबद्दल सांगतो. मुद्देमालाची खोली म्हणजे बहुतेक ठिकाणी जिन्याखालची किंवा मागच्या बाजूची अंधारी खोली. एका कोपऱ्यात अपघाताच्या गुन्ह्यातली हेल्मेटं, सायकली, दारूचे कॅन. दुसऱ्या बाजूला गांजाची पोती. प्रत्येक पाकिटावर लेबल, पंचांच्या सह्या, लाखेचं सील, रजिस्टरचा नंबर. जप्तीच्या दिवशी गांजा ओलसर असतो. चार महिन्यांनी तेच पोतं काट्यावर ठेवलं तर वजन कमी भरतं, कारण पाणी उडून गेलेलं असतं. पावसाळ्यात उलटं होतं, बुरशी धरते. लेबल कापडावरून सुटतं. उंदीर तर विचारू नका. मथुरेच्या पोलिसांनी २०२२ मध्ये कोर्टात ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला असं सांगितलं, तेव्हा सगळा देश हसला. मला हसू आलं नाही. पाचशे किलो उंदीर खात नाहीत हे मलाही कळतं. पण अशा खोलीत कुणी पाच किलो काढून नेला आणि उंदरांवर ढकलला, तर ते सिद्ध करायला काहीच हातात नसतं. चूक उंदराची, चोराची की वाळण्याची, हे नंतर वेगळं करता येत नाही.

नमुना कलिनाच्या लॅबला न्यायचा तर कॅरिअर म्हणून एक शिपाई एसटीने किंवा रेल्वेने पाठवायचा. पत्रावरचा सीलचा ठसा आणि पाकिटावरचा ठसा जुळला नाही तर लॅब पाकीट परत करते. मग तो बिचारा तेच पाकीट घेऊन परत. त्या दोन दिवसांत ते पाकीट कुठे होतं, याची नोंद स्टेशन डायरीत नसली की उलटतपासणीत वकील आम्हाला सोलून काढतात, आणि ते बरोबरच आहे.

मोठ्या साहेबांची पत्रकार परिषद झाली, टेबलावर पाकिटं मांडून फोटो निघाले, की त्या मालाची जबाबदारी एका कारकुनावर येते. त्याला वजनकाटा चांगला मिळत नाही, एसी सोडा, पंखासुद्धा मिळत नाही. आमदारांनी खरंच काही विचारायचं असेल तर एक दिवस अघोषित जाऊन फक्त त्या खोल्या बघाव्यात. रजिस्टर आणि काटा, दोनच गोष्टी.

---

काळा_डगला

हवालदारसाहेब, तुमचा प्रतिसाद प्रत्येक सत्र न्यायालयाच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. मी एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याचे, खटले आरोपीच्या बाजूने लढवतो, तेव्हा पूर्वग्रह धरून वाचा.

तुम्ही म्हणता ती खोली सर्वोच्च न्यायालयाच्या डोळ्यांसमोर होतीच. २०१६ च्या भारत सरकार विरुद्ध मोहनलाल या निकालात न्यायालयाने जप्त मालाच्या साठवणुकीची दुरवस्था आणि चोरीची शक्यता यांवर कडक शब्दांत लिहिलं, आणि कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर यादी, छायाचित्रं, नमुने करून माल लवकर नष्ट करायला सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाटीचे स्वतंत्र नियमही आणले. मग जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबाळे विरुद्ध छत्तीसगड या निकालात सांगितलं गेलं की ५२अ चं पालन झालं नाही, एवढ्यावरून खटला आपोआप कोसळत नाही, बाकीचा पुरावा पाहायचा. कायदा म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा की ५२अ पाळलं जातंय का, यावर न्यायालयाचा जो दट्ट्या होता तो जरा सैल झाला. मग तो दुसऱ्या कुणीतरी घट्ट करायला हवा, आणि इथे विधिमंडळाला जागा आहे.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०२० मध्ये एकाच वर्षात दोन मोठे निकाल आले. मुकेश सिंग खटल्यात घटनापीठ म्हणालं की ज्याने खबर दिली, फिर्याद दिली, तोच अधिकारी तपासही करू शकतो, तेवढ्यामुळे तपास दूषित ठरत नाही. तुफान सिंग खटल्यात दोन विरुद्ध एक मताने ठरलं की कलम ६७ खाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. एका हाताने सूट आणि दुसऱ्या हाताने संरक्षण, असा तो तोल होता. आता महाराष्ट्राने अमली पदार्थांचे गुन्हे मकोकामध्ये आणले. मकोकाच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. म्हणजे तुफान सिंगने जो दरवाजा बंद केला, तो अशा खटल्यांत बाजूच्या खोलीतून उघडला गेला. मकोका लावायला उपमहानिरीक्षकाची पूर्वमान्यता आणि अपर महासंचालकाची मंजुरी लागते, हे खरं. पण मान्यता देणारे, मंजुरी देणारे आणि कबुलीजबाब घेणारे सगळे एकाच खात्यातले.

विधेयक मंजूर करताना 'या तरतुदीखालच्या प्रत्येक वर्षाचा अहवाल पटलावर ठेवावा' असं एक वाक्य घालता आलं असतं. कायदा करणाऱ्या सभागृहाने स्वतःच्या कायद्याचा वापर तपासणं यात हस्तक्षेप कसला?

आणि कुणी आमदार हा धागा वाचत असतील तर एक प्रश्न फुकट देतो. एनडीपीएसच्या कलम ५९ मध्ये गुन्हेगाराशी संगनमत करणाऱ्या अधिकाऱ्याला किमान १० आणि कमाल २० वर्षं सक्तमजुरी आहे. इतकी कडक शिक्षा असूनही त्यात एक कुलूप आहे : सरकारच्या पूर्वमंजुरीने लेखी तक्रार आल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. तर विचारा, गेल्या १० वर्षांत कलम ५९ खाली मंजुरीचे किती प्रस्ताव गृह विभागाकडे आले, किती मंजूर झाले आणि किती पडून आहेत? 'प्रश्न उद्भवत नाही' हे उत्तर इथे देता येणार नाही.

---

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे हा प्रयोग झालेला आहे, आणि तुम्ही सगळे ज्याची कल्पना करताय त्यापेक्षा तो बराच पुढे गेला होता.

२०१० मध्ये एका इस्रायली ड्रग विक्रेत्याच्या स्वीडिश मैत्रिणीने केलेलं चित्रीकरण यूट्यूबवर आलं. त्यात तो पोलिसांशी असलेले आपले संबंध बिनधास्त सांगत होता. गोवा पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकातले, म्हणजे एएनसीतले लोक निलंबित झाले, त्यांना अटक झाली, त्यात निरीक्षकही होता. ज्यांनी पकडायचं तेच विक्रेत्यांशी मिळालेले, असा आरोप खुद्द पथकावर आला तेव्हा आम्ही गोंयकार हादरलो होतो. हणजूण-वागातोरला काय चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एएनसीच्या ताब्यातला माल परत बाजारात येत असेल, ही शंका घरोघरी बोलली गेली ती तेव्हा.

विधानसभेने पोलीस, राजकारणी आणि ड्रग माफिया यांच्या साट्यालोट्याची चौकशी करायला सभागृह समिती नेमली. अध्यक्ष होते मिकी पाशेको. ऑक्टोबर २०१३ मध्ये अहवाल सभागृहात आला. समितीने राजकीय कुटुंबातल्या व्यक्तीचंही नाव घेतलं आणि पुढचा तपास सीबीआयकडे द्यावा अशी शिफारस केली. ज्यांची नावं आली त्यांनी आरोप फेटाळले, तो त्यांचा हक्क आहे.

त्यातून मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, अध्यक्ष कोण असावा याला फार वजन आहे. पाशेको यांच्यावर स्वतःवरच वीज खात्याच्या अभियंत्याला मारहाण केल्याचा खटला होता आणि पुढे २०१५ मध्ये त्यात त्यांना तुरुंगात जावं लागलं. त्यामुळे अहवालात काय लिहिलंय यापेक्षा तो कुणी लिहिलाय यावरच लोक बोलत राहिले. घाटमाथा म्हणतात ते इथे खरं ठरतं. दुसरी, अशा खास समितीचं आयुष्य अहवालापुरतं. अहवाल ठेवला की समिती विसर्जित. शिफारशीचं काय झालं, हे पुढच्या अधिवेशनात विचारायला तीच माणसं त्याच अधिकाराने बसलेली नसतात. सरकारवर शिफारस बंधनकारक नाही, ती फेटाळली तर कारण सांगण्याचंही बंधन नाही. इतका मोठा विषय आमच्या विधानसभेने उचलला, साक्षी घेतल्या, आणि तरी एएनसीच्या कारभारावर कायमची नजर ठेवणारं काही उभं राहिलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही महाराष्ट्रात काही मागणार असाल तर खास समिती मागू नका, कायमची मागा.

---

घाटमाथा

मांडवीतीर, गोव्याचं एवढं तपशिलात माहीत नव्हतं. माझा मुद्दा तुम्हीच नीट मांडलात.

आणखी एक शंका. कॉर्डेलिया क्रूझचं काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्याच्या मुलाला पकडलं, जवळपास महिनाभर आत ठेवलं, आणि मे २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून दोषारोपपत्रात नावच नाही. तेव्हा आपली विधानसभा काय करणार होती?

---

जुना_बातमीदार

काहीच नाही, कारण ती कारवाई एनसीबीची, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाची होती, आणि एनसीबी केंद्रीय गृह मंत्रालयाची. राज्याचं विधिमंडळ फक्त राज्याच्या पोलिसांना विचारू शकतं, कारण 'पोलीस' हा विषय राज्यसूचीत आहे. एनसीबीचा हिशेब संसदेने घ्यायचा, तस्करी पकडणाऱ्या डीआरआयचाही संसदेनेच, अर्थ मंत्रालयामार्फत. या वाटणीमुळे एक पोकळी तयार होते. एकाच बंदरावर, एकाच टोळीवर तीन यंत्रणा काम करतात. चुकलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि संसद आणि विधिमंडळ यांपैकी एकालाही पूर्ण चित्र दिसत नाही. या यंत्रणांच्या समन्वयासाठी एनकॉर्ड नावाच्या समित्या आहेत, अगदी जिल्ह्यापर्यंत, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. पण ती अधिकाऱ्यांची व्यवस्था आहे.

---

ह्युस्टनकर

मूळचा साताऱ्याचा, टेक्सासमध्ये बरीच वर्षं आहे. इथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण इथे कायदेमंडळाने खरोखर हात घातला होता.

टेक्सासच्या वरच्या टोकाला टुलिया नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. २३ जुलै १९९९ च्या पहाटे तिथे ४६ जणांना कोकेन विकल्याबद्दल अटक झाली, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. साक्षीदार एकच : प्रादेशिक ड्रग टास्क फोर्ससाठी वेश बदलून काम करणारा एक अधिकारी. ध्वनिमुद्रण नाही, चित्रीकरण नाही, दुसरा साक्षीदार नाही, छाप्यात माल नाही, पैसा नाही. तरी ज्यूरींनी त्याच्या शब्दावर शिक्षा दिल्या. एका वयस्कर शेतकऱ्याला ९० वर्षांची शिक्षा झाली. त्या अधिकाऱ्याला मात्र टेक्सासचा त्या वर्षातला उत्कृष्ट अधिकारी म्हणून गौरवण्यात आलं.

असे टास्क फोर्स केंद्राच्या अनुदानावर चालायचे, आणि अनुदान टिकवायचं तर अटकांचे आकडे दाखवायला लागायचे. कुणाला पकडलं आणि ते टिकलं का, हे विचारणारं वर कुणीच नव्हतं. काउंटीचं म्हणणं टास्क फोर्स आमचा नाही, राज्याचं म्हणणं तो स्थानिक.

२००१ मध्ये टेक्सासच्या कायदेमंडळाने कायदा केला की ड्रगच्या गुन्ह्यात गुप्त खबऱ्याच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा होणार नाही, आधार देणारा दुसरा पुरावा लागेल. मात्र पोलीस अधिकारी यातून वगळले, म्हणजे टुलियाचं मूळ दुखणं तसंच राहिलं. २००३ मध्ये तुरुंगात उरलेल्यांना जामीन मिळावा म्हणून कायदेमंडळाने वेगळा कायदा केला आणि त्याच ऑगस्टमध्ये गव्हर्नर रिक पेरी यांनी ३५ जणांना माफी दिली. २००५ मध्ये हे टास्क फोर्स राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या देखरेखीखाली आणणारा कायदा झाला. तो अधिकारी खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला.

सहा वर्षं लागली. चार वर्षं माणसं आत होती. 'आकडे दाखवा, निधी मिळवा' हे गणित कुठेही तेच फळ देतं, म्हणून धागाकर्तीचा 'किती खटले टिकले, किती पडले' हा प्रश्न मला फार पटला.

---

सह्यमाची

मी पालक आहे, कायद्यातलं फार कळत नाही. पण वरचं वाचून विचारावंसं वाटतं. तुम्ही सगळे पोलिसांच्या चुका मोजताय, विक्रेत्यांचं काय? आमच्या सोसायटीच्या मागच्या मैदानात संध्याकाळी काय चालतं ते आम्ही बघतो. पोलिसांना इतक्या समित्यांपुढे उभं केलं तर ते छापा घालायला धजावतील का? आणि खबरी पुढे येतील का?

---

काळा_डगला

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. खबऱ्याचं नाव कुणालाही विचारता येत नाही. एनडीपीएसच्या कलम ६८ प्रमाणे अधिकाऱ्याला माहिती कुठून मिळाली हे सांगायची सक्ती न्यायालयातही करता येत नाही. समितीलाही तोच नियम लावायचा. चालू तपास, खबरी, पाळतीवरची माणसं, यांतलं काही समितीपुढे नाही. बंद झालेल्या गुन्ह्यांवर, निकाल लागलेल्या खटल्यांवर आणि मुद्देमालाच्या खोलीवर प्रश्न.

आणि छापा घालणाऱ्याला भीती नसावी. विधिमंडळाने विचारलं की सर्वांत आधी फायदा होतो तो प्रामाणिक अधिकाऱ्याचाच. माझ्यासारखा वकील ज्या फटीतून आरोपीला सोडवून आणतो ती फट बहुतेक वेळा क्षुल्लक असते : कलम ४२ खाली खबर लिहून वरिष्ठांना ७२ तासांत पाठवली नाही, कलम ५० खाली 'राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती हवी का' हे नीट विचारलं नाही, कलम ५७ चा अहवाल ४८ तासांत गेला नाही, पंच नेहमीचेच. मैदानातला तुमचा विक्रेता अशाच फटीतून सुटून त्याच मैदानात परत येतो. दर निर्दोष सुटकेमागचं कारण दरवर्षी पटलावर आलं तर पुढच्या वर्षी प्रशिक्षण कशाचं द्यायचं हे महासंचालकांना कळेल.

---

निवृत्त_हवालदार

पंच नेहमीचेच, हे खरं आहे आणि त्याचं कारण कुणी विचारत नाही. रात्री दोन वाजता पंच म्हणून यायला कोण तयार होतो? मग ठाण्यासमोरचा पानवाला किंवा रिक्षावाला. तो दहा गुन्ह्यांत पंच असतो आणि कोर्टात फितूर होतो, कारण दहा वेळा कोर्टात जाऊन त्याचा धंदा बुडतो. पंचाला भत्ता वेळेवर द्या, एवढं जरी कुणी विचारलं तरी पुष्कळ.

मरीन ड्राइव्ह ठाण्याचं २०१५ चं प्रकरण आठवतं का? पोलिसाच्याच कपाटात पाकिटं सापडली, साताऱ्याकडच्या त्याच्या घरी शंभर किलोंहून जास्त पावडर निघाली, सगळीकडे एमडी म्हणून गाजलं. पुढे एका प्रयोगशाळेचा अहवाल आला की ते अजिनोमोटो आहे. माल आधीपासूनच तसा होता की मधे कुठे बदलला, हे सामान्य माणसाला कधीच नीट कळलं नाही. मी त्या काळात नोकरीत होतो. आमच्या लोकांतसुद्धा दोन तट होते. अशा वेळी सभागृहाने लॅबच्या लोकांना आणि आमच्या वरिष्ठांना समोरासमोर बसवून विचारायला हवं होतं. खात्याची अब्रू त्यातूनच वाचली असती.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हवालदारसाहेब, तुमचे दोन्ही प्रतिसाद मी छापून स्टाफरूममध्ये वाचले.

मांडवीतीर यांचं पटलं, कायमची समितीच हवी. घाटमाथा, तुमच्या शंकेसाठी मला एवढं सुचतं : अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा, लोकलेखा समितीत तशी परंपरा आहेच. ज्या सदस्यावर किंवा त्याच्या घरच्यांवर अमली पदार्थांचा गुन्हा असेल त्याला जागा नाही. आणि वैयक्तिक गुन्ह्यावर प्रश्न विचारल्यास अध्यक्षांनी तो कामकाजातून काढावा. हे पुरेल का?

समितीसाठी नियम बदलावे लागतील, वेळ लागेल. तोवर काय करता येईल?

---

घाटमाथा

विरोधी पक्षाचा अध्यक्ष असेल तर माझी अर्धी हरकत मागे. उरलेली अर्धी अशी की सरकार बदललं की कालचा विरोधक मंत्री होतो आणि समितीचा अहवाल अडगळीत जातो. शिफारस फेटाळली तर कारण लेखी द्यायची सक्ती नियमात घाला, मग माझा पाठिंबा.

---

जुना_बातमीदार

तोवर विनंती अर्ज समितीची वाट आहे. नागरिकाला विधिमंडळाकडे अर्ज करता येतो, त्यावर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. अर्ज मोघम नको. 'ड्रग्ज बंद करा' असा अर्ज कपाटात जातो. ठरावीक माहिती पटलावर ठेवण्याची मागणी करा : जप्त माल किती, त्यातला ५२अ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर किती गेला, तळोज्याच्या भट्टीत किंवा इतरत्र प्रत्यक्ष किती नष्ट झाला आणि खोल्यांत किती पडून आहे. लॅबचा अहवाल यायला सरासरी किती दिवस. सुटका झालेल्या खटल्यांत न्यायालयाने नोंदवलेली कारणं. कलम ५८ (विनाकारण झडती किंवा अटक) आणि ५९ खाली अधिकाऱ्यांवर झालेल्या कारवाया. जिल्हानिहाय. 'न्यायप्रविष्ट' हे उत्तर यातल्या एकालाही लागू पडत नाही, कारण एकाही चालू खटल्याबद्दल विचारलेलं नाही.

आणखी एक. नाशिक-पुण्याच्या आमदारांनी ससून आणि शिंदे गावावर विचारलेल्या प्रश्नांना मंत्र्यांनी सभागृहात जी उत्तरं दिली, त्यात 'अहवाल आल्यावर कारवाई करू' अशी वाक्यं कुठे आहेत ते कामकाजाच्या वृत्तांतातून शोधा. ती आश्वासनं म्हणून नोंदली गेली का, हे आश्वासन समितीला पत्र लिहून विचारता येतं.

---

काळा_डगला

मसुदा मी करून देतो, कलमांची भाषा बिनचूक हवी. वजनाचा रकाना मात्र हवालदारसाहेबांनी सुचवावा. जप्तीच्या वेळचं वजन आणि नष्ट करतानाचं वजन शेजारी शेजारी मागायचं, तर गांजा वाळून किती घट धरायची?

---

निवृत्त_हवालदार

घट आधीच धरू नका साहेब. तीन रकाने करा : जप्तीचं वजन, दंडाधिकाऱ्यांसमोरचं वजन, जाळतानाचं वजन. प्रत्येकासमोर तारीख आणि काट्याचा तपासणी दाखला. वाळलेला गांजा आणि गेलेला गांजा आपोआप वेगळे दिसतील. एमडीला वाळण्याची सबब नाही, तिथे ग्रॅमही कमी दिसला तर सरळ विचारायचं.

---

गोदाकाठ

उद्या संध्याकाळी आमच्या आमदारांच्या कार्यालयात जाते आहे. मसुदा इथेच टाका, ज्यांना आपापल्या मतदारसंघातून द्यायचा आहे त्यांना उतरवून घेता येईल. सह्यमाची, तुम्हीही द्याल का? तुमच्या मैदानाचं ठाणं कोणतं ते इथे लिहू नका, अर्जात फक्त जिल्हा लिहायचा आहे.